भाडं पुण्याचं, पगार कुपवाडचा

परवा रविवारी सकाळी एक परका पोरगा सांगलीतल्या माझ्या भाड्याच्या घरात शिरला आणि माझ्या पोरीच्या अभ्यासाच्या भिंतीला टेप लावून मोजायला लागला. मी अजून त्या घरात राहतोय! करार संपायला महिना आहे. पोरगी सतरंजीवर भूमितीची आकृती काढत बसलेली. हा तिच्या वह्या ओलांडून पलीकडं गेला, "सॉरी हां काका, एकच मिनिट," टेप खट्टकन आत सोडला आणि बायकोला म्हणाला, "दोन टेबलं आरामात बसतील." दोन! दोघंही पुण्याच्या आयटी कंपनीत, दोघंही घरातनं काम करणार. फायबरची लाइन कुठनं आत घेता येईल, इन्व्हर्टर किती तास चालतो, दुपारचं ऊन कुठल्या खिडकीतनं येतं, सगळं विचारलं. भाडं किती, एवढंच विचारलं नाही.

आणि तो काका शब्द. उद्धट असता तर हाताला धरून बाहेर काढला असता. तो गोड बोलत होता, म्हणून मला माझ्याच घरात बाजूला सरकून त्याला वाट द्यावी लागली.

मालक आण्णा दारात उभे. सहा वर्षं झाली मी त्यांच्याकडं राहतोय. पाच हजारांवर आलो, दर अकरा महिन्यांनी पाचशे वाढवून दिले, आज आठ देतो. एक तारीख कधी चुकवली नाही. टाकीचा पाइप फुटला तेव्हा स्वतःच्या खिशातनं बदलला. ते लोक गेल्यावर आण्णा म्हणाले, "तुमचं वागणं सोन्यासारखं हाय, पण ते पोरगं चौदा देतंय. तुम्ही चौदा देत असला तर त्याला आत्ता फोन करून नको म्हणतो." मी गप्प. तर वर म्हणाले, "गावभागात बघा की, तिकडं स्वस्तात मिळंल."

गावभागात! आम्ही तिथनंच उठून आलोय हे आण्णांना माहीत नाही होय? ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. आईला बोटीत घालून बाहेर काढली. फ्रीज, गाद्या, पोरीची शाळेची पुस्तकं, सगळं चिखलात. म्हणून विश्रामबाग धरली, इथं आमच्या गल्लीत पाणी येत नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा रात्री पहिल्यांदा निवांत झोपलो. आता ज्याच्याकडं चौदा हजार आहेत तो कोरड्यात राहणार आणि आठवाल्यानं पाण्यात जायचं.

मी कुपवाड एमआयडीसीत कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, तपासतो. सतरा वर्षं हातात मापायचा व्हर्निअर आहे. बोअर, म्हणजे आतलं भोक, जरा जरी मापाबाहेर गेलेला सुटला तरी अख्खा लॉट परत येतो आणि शिव्या मी खातो. हातात पडतात बावीस हजार. यंदाची वाढ आठशे. आयटीत २०२२ साली काय चाललं होतं? एकट्या इन्फोसिसमधनं वर्षभरात शंभरातली २८ पोरं सोडून जात होती, कारण उडी मारली की पगार वाढायचा. मी कुठं उडी मारू? शेजारच्या शेडमध्ये? तिथंही बावीसच आहेत.

मेहुणा म्हणतो, "दाजी, तेव्हा कॉम्प्युटर शिकायला पाहिजे होता." सगळ्यांनीच कॉम्प्युटर शिकला तर तुझ्या गाडीचा हब कोण मापणार रे?

भाच्याचं तेच. आयटीआय फिटर, निर्व्यसनी, स्वतःची दोन एकर जमीन, वय एकतीस. तीन वर्षं स्थळं बघतोय. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "पुण्यात हाय का?" नाही म्हटलं की पत्रिकासुद्धा मागत नाहीत.

बरं, आयटीत गेलेल्या सगळ्यांचंच भलं होतंय असंही नाही. वरच्या मजल्यावरचा पोरगा यंदा इंजिनिअर होऊन लागला, वर्षाला साडेतीन लाखांवर. मोठ्या कंपन्या दहा वर्षांपूर्वीही नव्या पोरांना साधारण तेवढेच देत होत्या. आणि इन्फोसिसच्या सीईओंना २०२४-२५ या एका वर्षाचे ८० कोटींच्या वर! त्याच कंपनीच्या नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये सांगितलं, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. ओव्हरटाइम धरला तर माझे साठ-बासष्ट आत्ताच भरतात. वरचे आठ तास भरले तर आण्णांचे चौदा हजार निघतील का, तेवढं कुणीतरी सांगा.

त्या टेपवाल्या पोराचा मी राग करत नाही. रागराग केला दोन दिवस, खोटं कशाला बोलू. पण पुण्याच्या भाड्यानं तोही पिचूनच इकडं आला असणार. डोकं फिरतं ते याचं की पुण्याचे भाव एसटीत बसून सांगलीला येतात आणि पगार मात्र स्वारगेटलाच उतरतो.

काल कामावरनं सुटल्यावर गावभागात एक घर बघून आलो. दोन खोल्या, नवा रंग मारलाय. पण स्विचबोर्डाच्या हातभर वर पुराच्या पाण्याची रेघ त्या रंगातनं अजून दिसते. भाडं विचारलं तर साडेआठ. म्हटलं, अहो, इथं साडेआठ कसं?

मालक म्हणाले, "विश्रामबागेत चौदा चाललंय की."