सेन्सरची हवापालट

गाडी कशी चालते असं कुणी विचारलं, तर शहाणा माणूस "बरी चालते" म्हणून चहा मागवतो. मी "पॉइंट नऊ आठ" म्हणतो. समोरच्याला तो माझ्या चष्म्याचा नंबर वाटतो.

हा आकडा लॅम्डाचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा: 1 म्हणजे आदर्श, त्याखाली पेट्रोल जास्त, त्यावर कमी. जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन आणि ओपन सोर्स ईसीयू (किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर) बसवायचं खूळ डोक्यात शिरलं, की मागोमाग वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर घरात येतोच. साधा सेन्सर धूर हुंगून "पेट्रोल जास्त" किंवा "पेट्रोल कमी" एवढंच सांगतो. किती, ते विचारायची सोय नाही. वाइडबँडच्या पोटात ऑक्सिजन आत-बाहेर ढकलणारा इवलासा पंप असतो. शेजारच्या सेलवर 450 मिलिव्होल्ट टिकवायला त्या पंपाला किती करंट लागला, त्यावरून मिश्रण मोजायचं. हे सगळं साडेसातशे अंशांच्या आसपास तापल्यावर. तापल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर ते तडकतं, म्हणून सायलेन्सरच्या पाइपात तो तोंड खाली करून बसवायचा. शिसं वर्ज्य, सिलिकॉनचं सीलंट वर्ज्य. आमच्या घरात एवढी पथ्यं बायपास झालेल्या काकांनीही पाळली नाहीत.

हा सेन्सर चालवून त्याचा आकडा पुढे कळवणारी डबी म्हणजे कंट्रोलर. माझ्या कंट्रोलरचं आणखी एक पथ्य होतं. त्याला कामाला लावण्याआधी मोकळी हवा दाखवावी लागते. हवेत 20.9 टक्के ऑक्सिजन असतो हे एवढं एकच सत्य तो मानतो आणि पुढची सगळी मोजमापं त्यावर बेततो. आता पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोकळी हवा कुठून आणायची? एका कोपऱ्यात जनरेटर, दुसऱ्यात वॉचमनची शेगडी, आणि सेन्सर तापत आला की नेमकं कुणीतरी स्कूटरला किक मारणार. शेवटी सेन्सर, कंट्रोलर आणि एक सुटी बॅटरी असा सगळा संसार गच्चीवर नेला. तिथे तळमजल्यावरच्या काकू कुरडया वाळत घालत होत्या.

"हे काय रे?"

"सेन्सरला हवा दाखवतोय, काकू."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाळा, त्याला नको. तूच जा चार दिवस महाबळेश्वरला."

हवा दाखवून झाली, सेन्सर पाइपात गेला, डॅशबोर्डवरच्या डायलवर 14.7 उमटलं, म्हणजे वजनाने एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, आदर्श मिश्रण. खरं तर हा आकडा निव्वळ पेट्रोलचा. पंपावर आता मिळतं ते 20 टक्के इथेनॉलवालं, त्याचं आदर्श प्रमाण साडेतेराच्या आसपास. पण डायलला टाकीत काय आहे ते कळत नाही. सेन्सरला कळतो तो लॅम्डा, आणि डायल त्याला डोळे मिटून 14.7 ने गुणते. सगळे मिळून ठरवून बोललेलं खोटं, म्हणून ते चालतं.

चालेना ते लॅपटॉपचं. डायल 14.7 म्हणायची, तेव्हा लॅपटॉपवर ईसीयू 15.1 म्हणायचा. वाड्यात माजघरातून निघालेला निरोप ओसरीवर पोचेपर्यंत बदलायचा, तसला प्रकार. कंट्रोलर आपला आकडा व्होल्टात सांगतो: शून्य व्होल्ट म्हणजे 10, पाच व्होल्ट म्हणजे 20. ईसीयूतही मी हेच भरलेलं, सरळ रेषेत. तरी फरक. त्यात हेडलाइट लावले की 15.3, काचेमागचा डिफॉगर लावला की आणखी वर! ईसीयूला वाटायचं पेट्रोल कमी पडतंय, तो बिचारा आणखी ओतायचा. थोडक्यात, माझी गाडी अंधार पडला की जास्त प्यायला लागली. तसं ओळखीतल्या बऱ्याच जणांचं आहे, पण त्यांना ईसीयू नाही.

सिंहगड रोडवरच्या मिस्त्रींचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांचं शास्त्र प्लगच्या टोकात: काळा म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), पांढरा म्हणजे लीन (पेट्रोल कमी), बिस्किटाच्या रंगाचा म्हणजे बिल द्या. लॅपटॉपकडे ढुंकूनही न बघता त्यांनी मल्टिमीटर मागितला. एक टोक कंट्रोलरच्या काळ्या वायरीला, दुसरं ईसीयूच्या काळ्या वायरीला. दोन्ही अर्थिंगच, म्हणजे मधे शून्य हवं. होतं 0.2 व्होल्ट. वायरिंग करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने कंट्रोलरची अर्थिंग बॉडीच्या एका गंजक्या बोल्टला दिली होती. त्याच बोल्टमधून सेन्सरच्या हीटरचा करंट आणि दिव्यांचाही. 0.2 व्होल्ट म्हणजे डायलच्या हिशोबात 0.4. चौदा सातचे पंधरा एक!

मिस्त्रींनी तापकीर गल्लीतनं मी आणलेली वायर इंजिन ब्लॉकवर, ईसीयूच्या अर्थिंगशेजारीच, नवं थिंबल लावून आवळली. खालची जागा आधी पॉलिश पेपरने घासली. हेडलाइट लावले, डिफॉगर लावला. डायल आणि लॅपटॉप एकमेकांच्या शब्दाबाहेर जाईनात. मग मी डायल लॅम्डावर टाकली, म्हणजे 14.7 चं खोटंही संपलं.

पंचाईत पुढेच झाली. आकडा हलतो-थांबतो हे डोळ्यांनी बघितल्यापासून मिस्त्रींनी प्लग काढणं सोडलं. माझा जुना सेन्सर त्यांनी "बघायला" म्हणून मागून घेतला, त्याला कुठूनसा स्वस्त कंट्रोलर जोडला, आणि आता येईल त्या बाइकच्या सायलेन्सरच्या टोकात तो खुपसतात. टोकाशी बाहेरची हवा आत येते, आकडा खोटाच लीन दिसतो, हे मी परोपरीने सांगून पाहिलं.

"आकडा मशीननं दिलाय, साहेब," असं म्हणून त्यांनी समोरच्या बाइकवाल्याला कार्ब्युरेटर खोलायचे पैसे सांगितले.