जोत्यापर्यंतचा पैसा

काल रात्री कट्ट्यावर घरकुलाचा विषय निघाला. कारण आमचा सेंट्रिंगवाला दोस्त. गावभर स्लॅब टाकतो आणि स्वतः पत्र्याखाली झोपतो.

पतसंस्थेतला भाऊ म्हणाला, "शहरी पंतप्रधान आवास योजनेत अडीच लाख मिळतात की! केंद्राचे दीड, राज्याचा एक. आपल्या जागेवर आपण बांधायचं, अजून काय पाहिजे?"

"मिळतात, पण कधी? काम होईल तसा हप्ता. आधी जोतं, मग त्याचा फोटो, मग पैसा. शेवटचे 30,000 तर घर पुरं झाल्यावरच. पण जोत्यापर्यंतचा पैसा कोण देतो?" दोस्त म्हणाला.

त्याचं काम मी पाहिलंय. मजुरी घरचीच, खड्डे बायकोनं आणि त्यानं मिळून खणले. हार्डवेअरवाल्यानं उधारी थांबवली आणि काम अडलं. कॉलमच्या सळ्या उघड्या आहेत, गंज चढू नये म्हणून त्यांना सिमेंटचं पाणी फासलंय. दर पावसाळ्याआधी फासतो.

गुरुजींना कर्जाचं नावच नको. "रे नगर बघा," म्हणाले. "सोलापूरजवळ कुंभारीला 30,000 घरांची योजना. 2024च्या 19 जानेवारीला त्यातल्या 15,000 घरांचं लोकार्पण झालं. विडीवाले, यंत्रमागवाले एकत्र आले म्हणून झालं."

मला गुरुजींचं म्हणणं पटतं, पण ते इथं लागू पडत नाही. तिथं वर्षानुवर्षांची संघटना होती. आमच्या नगरपंचायतीत एका गल्लीत दोन घरं, दुसऱ्या गल्लीत एक. त्यांची सोसायटी कशी उभी करणार? इथं ज्याला त्याला आपापलंच बांधावं लागतं, आणि अशा माणसाला लाखांचं गृहकर्ज नकोय. त्याला साठ-सत्तर हजार हवेत, तेही हप्ता येईपर्यंत.

मी भाऊला सरळ म्हणालो, "मंजुरीपत्र बघून पतसंस्थेनं एवढे द्यावेत. हप्ता आला की वळते करून घ्या."

"मंजुरीपत्र म्हणजे तारण नाही रे. हप्ता त्याच्या खात्यात जातो, आमच्या नाही. पोरीच्या लग्नात खर्च झाला तर ठेवीदारांना मी काय सांगू? त्या ठेवी पण इथल्याच भाजीवाल्यांच्या आहेत. आणि जागा कुणाच्या नावावर?"

दोस्त गप्प. जागा अजून आजोबांच्याच नावावर. वारसनोंद झालेली नाही, चुलते दोन. त्यांच्या संमतीपत्रावर घरकुल मंजूर झालं, पण गहाणखत त्यावर होत नाही.

भाऊची अडचण खरी आहे, हे मला मान्य करावंच लागलं. पण म्हणून रोख मजुरीवर जगणाऱ्यानं शेकडा पाच टक्के महिन्यानं सावकाराचे घ्यायचे का? सरकारी अडीच लाखांतला मोठा तुकडा व्याजातच जाणार.

"जामीन कोण राहणार?" भाऊनं विचारलं.

"मी एक," मी म्हणालो. गुरुजी जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरा मला धर. पण आधी वारसनोंद."

सोमवारी तलाठ्याकडे जायचं ठरलंय. आजोबांचा मृत्यूचा दाखला धाकट्या चुलत्याच्या ट्रंकेत आहे म्हणे.