डोकं नसलेल्याशी झुंज

कालवाला डोकं नसतं. मेंदूही नसतो, काही मज्जागाठींवर त्याचा सगळा संसार चालतो. तरीही कालव आणि शिकलासवरलेला माणूस समोरासमोर आले की पहिली फेरी कालवच जिंकतं.

मुळात त्याची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, हेच मला कळत नाही. बाहेरून सगळाच खडबडीत दगड. जाणकार म्हणतात, खोलगट शिंपली खाली ठेवा, चपटी वर. निमुळत्या टोकाला बिजागरी असते, तिथे सुरी खुपसा आणि फिरवा. सोप्पं! हे ‘सोप्पं’ म्हणणाऱ्यांचे तळहात एकदा निरखून बघावेत. जुन्या जखमांचे व्रण दिसतात.

या कामाची सुरीसुद्धा आखूड, जाड आणि बोथट, कारण काम कापण्याचं नाही, उचकटण्याचं. हाताला जाड फडकं गुंडाळून मी भिडतो. पलीकडे लढायला एकच स्नायू. गंमत अशी, की बिजागरीतला लवचीक बंध शिंपल्या सतत उघडू पाहत असतो आणि हा पठ्ठ्या त्या आवळून धरतो. तो मेला की शिंपल्या आपोआप फाकतात. म्हणून आ वासून पडलेलं, टकटक करूनही न मिटणारं कालव खायचं नसतं. थोडक्यात, जे उघडतं ते फेकायचं आणि जे खायचं ते उघडत नाही. निसर्गाने हा नियम नक्की एखाद्या सरकारी कचेरीत बसून केला असणार.

त्यात भोवती प्रेक्षक. “ढकलू नकोस, पीळ दे!” आणि शेवटी ठरलेला प्रश्न: “मोती निघाला का?” अहो, मोत्यांचे शिंपले वेगळ्या कुळातले. खाण्याच्या कालवात क्वचित खडा निघतो, पण त्याला झळाळी नसते. दात दुखावण्यापुरता टणक मात्र असतो.

मग वाटलं, अबलोनी बरं. गोगलगायीचं नातलग, शिंपला एकच, दार उघडण्याचा प्रश्नच नाही! पण त्याचा खडकाला घट्ट चिकटणारा मांसल पाय शिजवण्याआधी बडवून मऊ करावा लागतो. शिंपल्यावर राग काढावा, तर तोही दाद देत नाही. रसायन चुनखडीचंच, पण आतल्या चमकदार थरात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ चकत्या प्रथिनांच्या लुकणाने एकावर एक चिकटवलेल्या. त्यातून भेगही सरळ जाऊ शकत नाही, मी कोण?

खाणं घासभर आणि टरफलं बादलीभर, हा हिशेब वेगळाच. पण ती कचऱ्यात टाकणंही बरं नव्हे. कालवाची पिल्लं चिकटून बसायला जुन्या कालवांचे शिंपले शोधतात, म्हणून काही ठिकाणी ते गोळा करून पुन्हा समुद्रात सोडतात. म्हणजे मी घाम गाळून उचकटलेल्या दारावर आता पुढची पिढी बिऱ्हाड थाटणार. आणि तीही आतून कडी लावूनच बसणार.