काका, गुरुजी आणि ड्रोन

परवा रात्री साडेदहाला, मी दात घासत असताना, मोबाइलवर एक एक्सेल शीट आली. गोव्याच्या रिसॉर्टमध्ये कोण कोणत्या खोलीत, त्याची. सत्तेचाळिसाव्या ओळीत मी सापडलो. 'काका (धाकटे) – ट्रिपल शेअरिंग.' सोबत कोण? 'पंडितजी' आणि 'ड्रोन'.

ड्रोन म्हणजे ड्रोन उडवणारा पोरगा, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. रात्रभर मी समजत होतो की यंत्रालाही पलंग दिला आहे. खरं सांगतो, त्या समजुतीत मी जास्त सुखी होतो. यंत्र निदान घोरत नाही.

पुतणीचं लग्न डिसेंबरात गोव्याला आहे. का, ते मला विचारू नका. आम्ही नागपूरकर, उन्हाळ्यात लग्नं करणारी जमात. २०१३च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्याच आठवड्यात मी एका साक्षगंधाला कोशाचं जाकीट घालून कूलरसमोरची खुर्ची धरून बसलो होतो आणि पाणी प्यायलाही उठलो नाही, कारण उठलो असतो तर खुर्ची गेली असती. वर्षभरात एक डिसेंबर तेवढा माणसांत असतो. संत्री असतात, स्वेटरं बाहेर निघतात, अधिवेशनाला अख्खं सरकार मुंबईहून नागपूरला येतं. आणि आम्ही नेमके तेव्हाच नागपूर सोडून गोव्याला.

तर मागच्या रविवारी धरमपेठेत एका कॉफीच्या दुकानात 'प्लॅनिंग मीटिंग' झाली. दादा, वहिनी, पुतणी, मी, वेडिंग प्लॅनर मुलगी आणि आमचे गुरुजी. पॅकेजमध्ये रिसॉर्टचा स्वतःचा पंडित होता, पण वहिनी म्हणाल्या, माझं लग्न ज्यांनी लावलं तेच हिचं लावतील, नाहीतर मी येतच नाही. त्यामुळे सत्तरीचे गुरुजी महाल भागातून ऑटोनं आले, कापडी पिशवीतून पंचांग काढलं, आणि दोनशे ऐंशी रुपयांच्या कॉफीकडे कोणीतरी तीर्थ म्हणून गोमूत्र पुढे केल्यासारखे पाहत बसले.

प्लॅनरनं लॅपटॉप उघडला. "तर सर, व्हरमाला पाच बत्तीसला. गोरज मुहूर्त! आम्ही प्रॉपर रिसर्च केला आहे."

"पाच बत्तीसला काय होते?" गुरुजी.

"सनसेट, सर."

"कुठला?"

मुलगी गोंधळली. सूर्यास्त कुठला, हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नसावा. मलाही नव्हता विचारला.

"हा नागपूरचा आहे," गुरुजी म्हणाले. "गोव्याचा सूर्य काय आपल्या महालातून जाते का?"

मग त्यांनी टिश्यू पेपर घेतला. साखरेची एक पुडी मधोमध ठेवली. "हा आपला झीरो माईल." दुसरी पुडी डावीकडे, जरा खाली. "हा गोवा." आपण ७९ रेखांशावर, गोवा ७४ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे पाच अंशांची वीस. शिवाय थंडीत दक्षिणेकडे दिवस जरा मोठा, ती वरची दहा. "अर्धा तास उशिरा बुडते तिथं. साडेपाचला माळ घालाल तर सूर्य डोक्यावर टकामका पाहत राहीन. त्याला काय गोरज म्हणते का बाप्पा?"

प्लॅनरनं मोबाइलवर पाहिलं. सहा वाजून दोन मिनिटं. तिचा चेहरा उतरला. तिचा 'गोल्डन अवर' पाच ते सहाचा होता, फोटोग्राफर त्याच हिशेबानं ठरला होता आणि सहानंतर डीजेचं साउंड चेक होतं. रात्री दहाला मोकळ्या जागेतले लाउडस्पीकर कायद्यानं बंद, त्यामुळे पुढचं सगळं एकात एक अडकवलेलं.

"सर, थोडं ॲडजस्ट..."

"सूर्याला सांगून पाहा."

दादा खोकला. मी साखरेची गोव्याची पुडी उचलून कॉफीत टाकली, कारण ती तशीही फार कडू होती. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जसा काही मी पोर्तुगीज.

पण ते थांबले नव्हते. "गोरज म्हणजे माहीत आहे ना पोरी? गायी घरी येते, खुरांची धूळ उडते, ती वेळ. तिथं गायी आहेत का?"

"आहेत सर," ती अगदी उत्साहानं म्हणाली. "बीचवर खूप असतात. पण डोन्ट वरी, आमची दोन माणसं त्यांना फ्रेमच्या बाहेर ठेवतात."

गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग पिशवीत हात घालून त्यांनी घटिकापात्र काढलं. तांब्याची छोटी वाटी, बुडाला बारीक छिद्र. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि चोवीस मिनिटांनी बुडते. एक घटिका. माझ्या लग्नात हीच वाटी होती.

"ओ माय गॉड, सो व्हिंटेज!" प्लॅनर. "याचं आपण एंट्रन्सला इन्स्टॉलेशन करू. वरून गुलाबाच्या पाकळ्या."

"बाई, हे घड्याळ आहे."

एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमलं. वधूवर होमाला पूर्वेकडे तोंड करून बसतात, म्हणजे पाठीशी आपोआप समुद्र. मुलगी टाळ्याच वाजवायची बाकी होती. सूर्य मागून आला की पुढची तोंडं काळी येतात, हे मी सांगणार होतो. पण मला कोणी विचारलं नव्हतं. मी तिथं का होतो, हाच प्रश्न मला दोन तास पडला होता.

आता मला खरंच जे खुपतं ते सांगतो. आमच्याकडे सहाशे पानं उठायची. गोव्याला एकशेवीस. जागा कमी आहे म्हणतात. समुद्रकिनाऱ्यावर! यादीतून इतवारीची मावसबहीण गेली. शेजारचे गेले, ज्यांनी आमच्या प्रत्येक लग्नात आपलं अर्धं घर पाहुण्यांना दिलं आणि स्वतः गच्चीवर झोपले. जेवणात लाइव्ह पास्ता आहे. महाराष्ट्रीयन काउंटरही आहे, त्यावर वडापाव. वडाभात नाही, पाटोडी नाही, सांभारवडी तर त्या शेफला कळलीच नाही. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. तो सांबारात वडा बुडवायला निघाला होता. त्यात पुरुषांनी सगळ्यांनी सेज ग्रीन घालायचं. गांधीबागेतल्या दुकानदारानं मला मेंदी, शेवाळी, पोपटी असे नऊ हिरवे दाखवले आणि शेवटी विचारलं, "काका, आजारी पानासारखा हवा आहे का?" तोच हवा होता.

मंगळवारी बर्डीवर एक जुने स्नेही भेटले. माझ्या लग्नात हे रात्रभर बुंदीच्या कढईपाशी बसले होते, कारण आचारी दारू पिऊन झोपला होता. म्हणाले, "डिसेंबरात लग्न आहे ना पोरीचं? काही काम असलं तर सांगजो भाऊ." मी "हो हो" म्हटलं. पुढे काय बोलणार? सिग्नल सुटला, ते गेले. यादीतल्या एकशेवीसांमध्ये ड्रोन आहे. हे नाहीत.

काल रात्री गुरुजींचा फोन आला.

"भाऊसाहेब, खोली एकच आली म्हणते आपली."

"हो."

"मी चारला उठतो. संध्या असते. आणि एसी मला चालत नाही."

"मला लागतो."

"तुम्ही पाहून घ्या मग. तो तिसरा कोण आहे?"

"ड्रोनवाला."

"काय करते तो?"

"वरून फोटो काढतो. उडवून."

पलीकडे शांतता. मग, "वरून? म्हणजे मंगलाष्टकांत माझं टक्कलच येईन ना बाप्पा सगळीकडे."

माझाही हात आपसूक डोक्यावर गेला.

"तो कोणता हिरवा सांगितला आहे हो त्यांनी?" गुरुजी म्हणाले. "महालात एक टोपीवाला आहे माझ्या ओळखीचा. त्या रंगाची मिळते का पाहतो."

"दोन आणा," मी म्हटलं.