फुगा दाबणारे हात

गेला महिनाभर आमच्या दहावीच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. आमचा एक वर्गमित्र मोटारसायकलवरून पडला, तालुक्याच्या दवाखान्यातून त्याला मोठ्या शहराकडे हलवलं आणि वाटेतच तो गेला. त्याच्या नावानं काहीतरी उभं करावं असं सगळ्यांच्याच मनात होतं. दुबईतल्या एकानं लिहिलं, ‘मराठवाड्यासाठी लोकवर्गणीतून हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स सुरू करू. परदेशात आपण नऊ जण आहोत, पहिला हात आपण लावू.’ पुण्यातल्या मैत्रिणीनं लगेच विचारलं की हे सरकारचं काम असताना वर्गणी काढून सरकारला मोकळं का सोडायचं. आणि बीड जिल्ह्यातल्या आमच्या पाटोद्यातच राहून शेती करणाऱ्या एकानं एवढंच लिहिलं, ‘ते आमच्यासाठी उतरंल का पुढाऱ्यासाठी?’

मग सगळे माझ्याकडे वळले. मी इंग्लंडमध्ये राहते, शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञांच्या हाताखाली काम करते, आणि इथे हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स खरोखरच लोकांच्या पैशावर चालते. माझं उत्तर ग्रुपवर मावणारं नाही म्हणून सविस्तर लिहिते. पैसे जरूर गोळा करा. पण हेलिकॉप्टर घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही.

मी राहते तो कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैर्ऋत्येचं टोक. दोन्ही बाजूंना समुद्र, मध्ये अरुंद गल्ल्यांसारखे रस्ते, दोन्हीकडे उंच कुंपणं. ट्रुरोला मोठं रुग्णालय आहे, पण फार गंभीर अपघातातला रुग्ण प्लिमथच्या डेरिफर्ड रुग्णालयात न्यावा लागतो. ब्रिटनमधली खास रुग्णसेवेसाठीची पहिली हेलिकॉप्टर सेवा इथेच सुरू झाली, 1 एप्रिल 1987 रोजी. पुढे एकेक परगण्यात अशा संस्था निघाल्या. रुग्णाला बिल येत नाही. तो कोण आहे, विमा आहे का, असं कोणी विचारत नाही.

पैसा कुठून येतो ते मी दर शनिवारी डोळ्यांनी बघते. अशा संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं असतात, त्यातल्या एका दुकानात मी दोन तास बिनपगारी काम करते. कोणी वारलेल्या नवऱ्याचे कोट आणून देतं, कोणी चहाची किटली, कोणी नातवंडांची पुस्तकं. आम्ही ती झाडूनपुसून, किंमत लावून विकतो. बेकरीच्या गल्ल्याशेजारी संस्थेचा डबा असतो. बऱ्याच संस्थांची स्वतःची लॉटरी असते, आठवड्याला एक पौंडाची. बक्षीस लागावं म्हणून नव्हे, तर पैसे नेमानं जावेत म्हणून लोक वर्षानुवर्षं ती भरतात. एकदा एक म्हातारे गृहस्थ पाच पौंड देऊन म्हणाले, ‘माझ्या मुलाला तुम्ही नेलं होतं.’ मुलाचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हे वाचून दुबईच्या मित्राला वाटेल, मग आपल्याकडे का नको? आपल्याकडे तर सप्ताहासाठी घरटी वर्गणी निघते, गहिनीनाथगडाच्या पंगतीला पोत्यानं धान्य जातं. देणारे हात आपल्याकडे कमी नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. फक्त इथे त्या पैशाचं नेमकं काय होतं, ते लांबून दिसत नाही. लांबून हेलिकॉप्टर दिसतं.

लंडनची सेवा 1989 साली सुरू झाली. व्हाइटचॅपलच्या रॉयल लंडन रुग्णालयाच्या गच्चीवर तिचं हेलिकॉप्टर उतरतं आणि त्याचे फोटो सगळीकडे असतात. पण अंधार पडला की ते उडत नाही. तोच डॉक्टर, तोच पॅरामेडिक (तातडीच्या उपचारांचं शिक्षण घेतलेला कर्मचारी), त्याच पिशव्या घेऊन गाडीनं निघतात. 2012 पासून ते रक्तसुद्धा बरोबर नेतात, म्हणजे रस्त्यावर पडलेल्या माणसाला तिथेच रक्त चढतं, गरज पडली तर तिथेच भूल देऊन श्वासाची नळी घातली जाते. हेलिकॉप्टर हे त्या दोघांना पोचवण्याचं वाहन आहे. रुग्णाला पळवून न्यायला ते आहे असं आपण समजतो, पण त्याचा खरा उपयोग उलट्या दिशेनं आहे, शहाणा हात रुग्णाजवळ लवकर आणायचा. आणखी एक. 999 ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला आलेला फोन आधी सरकारी कंट्रोल रूममध्ये जातो, आणि हेलिकॉप्टर कुठे पाठवायचं ते तिथे बसलेला अनुभवी आरोग्य कर्मचारी ठरवतो. पुढाऱ्याच्या फोननं ते हलत नाही. पाटोद्याच्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर त्या खुर्चीत आहे. अशी खुर्ची आधी तयार झाली नाही, तर त्याची भीती खरी ठरेल.

आता तात्यांचं सांगते. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते.

2012 चा जुलै. मी तेव्हा पुण्यात शिकत होते. तात्या ओसरीवर जमिनीवर झोपले होते. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठले, पापण्या मिटायला लागल्या. पायावर सूज नाही, कळ नाही, त्यामुळे साप कोणाच्या ध्यानातच आला नाही. मण्यार चावली की असंच होतं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र ओळखलं, सापाच्या विषावरची लस लावली. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, पण मण्यारीच्या विषानं एकदा श्वासाचे स्नायू लुळे पडले की नुसत्या लसीवर भागत नाही. कोणीतरी श्वास देत राहावं लागतं, कधी काही तास, कधी काही दिवस. तेवढं केलं तर माणूस चालत घरी येतो. व्हेंटिलेटर तिथे नव्हता. पुढे न्या म्हणाले.

भाड्याची ॲम्ब्युलन्स मिळाली. तिच्यात ड्रायव्हर होता आणि एक सिलिंडर होता. दवाखान्यातून अँबू बॅग दिली, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, आमच्याकडे लोक तिला फुगा म्हणतात. माझ्या एकोणीस वर्षांच्या चुलतभावाच्या हातात ती देऊन कोणीतरी म्हणालं, ‘दाबीत ऱ्हाय, थांबू नको.’ एवढंच त्याचं शिक्षण. बालाघाटाच्या वळणांवरून दोन तास तो दाबत राहिला. वाटेत सिलिंडर संपला. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला दहा लिटर सोडला तर तो अडीच तास पुरतो, अर्धा भरलेला असेल तर सव्वा तास. हा भागाकार निघण्याआधी करायचा असतो. तो करणारं त्या गाडीत कोणी नव्हतं.

तात्या वाचले. आठ दिवसांनी घरी आले आणि म्हणाले, ‘मला समदं ऐकू येत होतं रे पोरा. डोळे तेवढे उघडंनात.’ तू रडत होतास तेही ऐकलं, असं ते माझ्या भावाला म्हणाले. मी या क्षेत्रात आले त्याचं मोठं कारण ही सकाळ आहे. आज रोज कोणाला ना कोणाला मी भूलतज्ज्ञांबरोबर फुग्यानं श्वास देते, आणि समोरचा रुग्ण ऐकत असेल असं समजूनच बोलते.

त्या सकाळी हेलिकॉप्टर असतं तर? अंधारात, पावसात, विजेच्या तारांनी वेढलेल्या उसाच्या फडाशेजारी ते उतरलं नसतं. मे महिन्यात तापलेली हवा विरळ होते आणि पंख्याला उचल कमी मिळते. एकच यंत्र असलं आणि ते दुरुस्तीला गेलं, तर तेवढे दिवस काय करायचं? ऋषिकेशच्या एम्सची संजीवनी ही हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स सेवा 29 ऑक्टोबर 2024 ला सुरू झाली आणि 17 मे 2025 ला केदारनाथजवळ उतरताना त्या हेलिकॉप्टरची शेपटी मोडली. माणसं सुखरूप राहिली, हे महत्त्वाचं. हिमालयात, जिथे रस्ताच नाही, तिथे त्या सेवेला पर्याय नाही, हेही मी मानते. पण पाटोद्याला रस्ता आहे. त्या रस्त्यावरचे दोन तास आपल्याकडे रिकामे आहेत, आणि आमचा वर्गमित्र त्याच दोन तासांत गेला.

ऑस्ट्रेलियात जॉन फ्लिन यांची फ्लाइंग डॉक्टर सेवा 1928 साली क्लॉनकरीहून निघाली. लोकांना विमान आठवतं. पण पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायानं पेडल मारून चालणारा रेडिओ केला, आणि त्यामुळे शंभर मैलांवरच्या एकट्या घरातली बाई डॉक्टरपर्यंत निरोप पोचवू शकली. पुढे घरोघरी क्रमांक घातलेल्या औषधांच्या पेट्या दिल्या गेल्या, म्हणजे डॉक्टरनं रेडिओवरून अमुक क्रमांकाची बाटली उघडा एवढं सांगितलं की झालं. आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला गेले आणि विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून त्यांनी कितीतरी मुलं वाचवली. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. साधी गोळी, पण जिथे विंचू चावतो तिथल्या दवाखान्यात ती देता आली, म्हणून तिचं मोल.

पुण्याच्या मैत्रिणीचा मुद्दा मला टाळायचा नाही. ती निम्मी बरोबर आहे. स्कॉटलंडमध्ये दोन हेलिकॉप्टर आणि दोन विमानं सरकारी खर्चानं चालतात, त्यांच्या जोडीला 2013 पासून एक धर्मादाय सेवा आहे. म्हणजे इथेही सगळं दानावर सोडलेलं नाही. कंट्रोल रूम, रुग्णालयं, पगाराची माणसं यांचा पाया सरकारचाच आहे. आपलाही पाया नाही असं म्हणू नका. 108 ची सेवा महाराष्ट्रात 2014 साली 937 गाड्यांनी सुरू झाली आणि त्या गाड्यांमध्ये डॉक्टर असतो. हे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगते तेव्हा त्यांना नवल वाटतं, कारण इथल्या नेहमीच्या ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर नसतो. सरकारकडे भांडायचं ते त्या डॉक्टरला नीट शिक्षण, नीट यंत्र आणि वेळेवर पगार मिळावा म्हणून. वर्गणी काढली म्हणून ते भांडण सोडायचं नाही.

आणि दुष्काळ विसरू नका. ज्या वर्षी पाऊस येत नाही त्या वर्षी घरटी दहा रुपयेही जड होतात, अर्धा तालुका ऊस तोडायला कोयता घेऊन बाहेर पडतो. अपघात आणि साप त्या वर्षी थांबत नाहीत. हेलिकॉप्टरचा खर्च मात्र उडो न उडो चालूच राहतो. वर्षभराचा खर्च शिलकीत पडल्याशिवाय कसलीही सेवा सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. सुरू होऊन बंद पडलेल्या सेवेनंतर लोक दुसऱ्यांदा डब्यात पैसे टाकत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. दहा हजार घरांनी आठवड्याला दहा रुपये दिले तर आठवड्याला एक लाख होतात, वर्षाला बावन्न लाख. परदेशातल्या नऊ जणांनी पहिल्या वर्षीची शिल्लक भरावी आणि नंतर मागे व्हावं, कारण ज्यांचा पैसा त्यांचाच हिशेब विचारायचा हक्क, आणि तो हक्क पाटोद्यात राहायला हवा. त्या पैशातून एक गाडी, छोटा व्हेंटिलेटर, मोजून भरलेले सिलिंडर आणि पाळीपाळीनं चोवीस तास असणारी शिकलेली माणसं. काम एकच, तालुक्याच्या दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयापर्यंतचं अंतर. निघण्याआधी समोरच्या रुग्णालयाला फोन, रुग्णाला काय झालंय, काय दिलंय, किती वाजता पोचतो. रुग्णाकडून एक पैसाही नाही. जमाखर्च ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा. एखाद्या दिवशी या भागात सरकारचं हेलिकॉप्टर आलं, तर त्यात बसायला ही माणसं तयार असतील.

त्याआधी, अगदी या उन्हाळ्यात, मी सुट्टीला येते तेव्हा सरावाचे दोन पुतळे आणि चार फुगे घेऊन येणार आहे. प्रत्येक गावातल्या दोघाचौघांना तरी फुगा धरायला शिकवायचं. हे सांगायला मी परवा चुलतभावाला फोन केला. तो आता तेहतीस वर्षांचा आहे, पिकअप चालवतो. पहिला शिकायला तू ये म्हणाले. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग विचारलं, ‘ताई, किती येळानं दाबायचा असतो गं तो?’

‘मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एकदा. छाती वर येईल एवढाच.’

पलीकडे तो मनाशी मोजत होता. मला ऐकू येत होतं.

‘मी लई भरभर दाबत होतो मंग,’ तो म्हणाला.