बाळंतिणीला देवापासून लांब बसवू नका

बाळ एसएनसीयूत, म्हणजे दवाखान्यातल्या आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, काचेच्या पेटीत. बाहेर बाकावर त्याची आई. आणि घरचे तिला सांगतात, "सोयर आहे, पोथीला हात लावू नकोस." जळगाव-धुळ्याकडे हे ऐकलं की माझा जीव तुटतो. टाके ओले, दूध दाटलेलं, कुशीत बाळ नाही. देव सगळ्यात जास्त लागतो त्याच दिवसांत तिने त्याला शिवायचं नाही? ज्या खान्देशातून दरवर्षी मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, तिथे नामाला सोयर-सुतक नसतं हे पुन्हा सांगावं लागतं!

पाचवीचंही तसंच. सटवाई त्या रात्री बाळाचं नशीब लिहिते असं आपण मानतो. पूजा राहिली की आईच्या मनात तेच घोळतं. माझ्या भाचीचं बाळ दवाखान्यात होतं तेव्हा तिच्या आजेसासूबाईंनी घरीच पाटा-वरवंटा मांडला आणि फोनवर म्हणाल्या, "पाचवी पुजी टाकी, तू काळजी करू नको व माय." त्या रात्री पोरीला झोप लागली.

याउलट काही बाया भेटायला येऊन विचारतात, "ग्रहणात काही चिरलं होतंस का? नवस राहिलाय का?" अहो, बाळ ३७ आठवड्यांआधी येतं ते रक्तदाबाने, जंतुसंसर्गाने, जुळं असल्याने, कित्येकदा डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. त्या माउलीच्या माथी पाप कशाला मारता?

अंगारा आईच्या कपाळाला लावा. बाळाच्या तोंडात मध, घुटी काही नको, पेटीत दोरा-ताईतही नको. एवढ्याशा जिवाला जंतुसंसर्ग झेपत नाही.

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. ही कांगारू पद्धत आता जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ८ तास करायला सांगते. एवढे तास बाळ उराशी धरून बसलेली आई हळू आवाजात विठ्ठलाचं नाव घेत असेल तर सिस्टर, तिला घेऊ द्या. धडगावची आई याहा मोगीला हाक मारेल, यावलची मनुदेवीला, भुसावळची एखादी दुआ मागेल. जिचा देव तिचा.

ओळखीतली कोणी अशी बसली असेल तर डबा घेऊन जा. "सोबत देवाचं काही म्हणू का?" एवढं विचारा. ती देवावर रागावलेली असेल, नको म्हणेल. मग नुसतं शेजारी बसा, तिला जेवू घाला, आणि देवाची बाजू मांडत बसू नका.