शिक्षकांना ‘उच्चस्तरीय’ कसं करावं

माध्यमिक शिक्षकांची उच्चस्तरीय व्यावसायिक कौशल्यं वाढवायचीत ना, साहेब? अगदी सोपं आहे.

आधी तारीख. गणपती चार दिवसांवर आले की प्रशिक्षण लावा. आदेश आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘गैरहजर राहिल्यास कारवाई’ ही ओळ ठळक. खाडीकाठच्या गावातून तालुक्याला पहिली एसटी किती वाजता सुटते, हे बघणं तुमचं काम नव्हे.

बॅनर मोठा घ्या.

सुलभकाला, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्याला, पीपीटी वाचता आली की पुरे. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांच्या सुधारित वर्गीकरणातल्या, विचार करण्याच्या सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या सहा पातळ्या त्याने वाचाव्यात, समोरच्यांनी वहीत उतरवाव्यात: आठवणे, समजणे, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. मग परवासारखी शेवटी उत्तरचाचणी घ्या: ‘चौथी पातळी कोणती? अचूक पर्याय निवडा.’ अहो, ही तर पहिली पातळी झाली! विश्लेषण शिकवायला आलात आणि तपासलंत पाठांतर. त्याच मास्तरांनी दुसऱ्या दिवशी नववीत ‘जांभ्या खडकाची वैशिष्ट्ये लिहा’ एवढंच विचारलं, तर दोष कोणाचा? ‘चार महिने धो धो पाऊस पडूनही राजापूरच्या सड्यावरची (जांभ्याच्या पठारावरची) विहीर एप्रिलात का आटते?’ असा प्रश्न घडवायला सराव लागतो. ‘पाणी समुद्रात जातं’ म्हणून मुलं थांबली की पुढे काय विचारायचं, कोणत्या मुलाला विचारायचं, याचाही लागतो. तो सराव प्रशिक्षणाच्या तीन दिवसांत एकदाही होत नाही. टक्केवारी मात्र वाढते. वाढणारच, सुरुवातीच्या पूर्वचाचणीला तेच प्रश्न होते!

ऑनलाइन असेल तर व्हिडिओ शेवटपर्यंत चालवायला लावा. ऐकतोय कोण, हे विचारू नका.

जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, विसरू नका. तो नसला तर शिकणं धरत नाहीत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास शिकावं असं लिहिलंय, तेही स्वतःच्या आवडीनुसार. तुम्ही तास तेवढे उचललेत, आवड गाळलीत.

खरंच करायचंय? मग शिक्षकाला शेजारच्या वर्गात मागच्या बाकावर बसू द्या. सरांनी काय विचारलं आणि उत्तरासाठी किती थांबले, एवढंच त्याने लिहावं. बहुतेकजण एखादा सेकंद थांबतात; तीन सेकंद थांबलं की मुलं एका शब्दावरून वाक्यावर येतात. तासिकेनंतर दोघांनी वीस मिनिटं बसून एकच प्रश्न बदलावा आणि दुसऱ्या तुकडीत विचारून बघावा. याला खर्च शून्य. लागतात दोन मोकळ्या तासिका, आणि त्या तुम्ही ‘आज बारापर्यंत माहिती भरा’ म्हणत खाऊन टाकल्यात.